आधी शिष्यवृत्ती, मग कॉलेज

माझ्या मुलीनं कॉलेज निवडलं ते शेवटाकडून.

बारावीचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघं बसलो होतो. ती, तिचे बाबा आणि मी. मी पोळी वाढत होते. ती म्हणाली, "आई, कॉलेज कोणतं ते मागाहून. आधी मी स्कॉलरशिप ठरवली."

"कोणची स्कॉलरशिप?" तिच्या बाबांनी विचारलं. त्यांना वाटलं, रेल्वेवाल्यांच्या मुलांना मिळते ती असेल. ते इथं रायपूरला, गुढियारीच्या रेल्वे मालधक्क्यावर बाबू होते आणि अशा गोष्टींचे कागद त्यांच्या ऑफिसच्या फळ्यावर लागत.

"बी.ए. झाल्यावरची," ती म्हणाली. "इंग्लंडला पाठवतात. सगळ्या देशातून थोडेच जण निवडतात. पुढचं शिक्षण, राहणं, सगळं त्यांचं."

तिचे बाबा हसले. "आधी बारावी तर पास हो ना बाप्पा."

ती हसली नाही. बुढातालाबच्या बाजूला एक वाचनालय होतं, तिथल्या कुठल्याशा मासिकात तिनं ते वाचलं होतं. मग बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवंच सुरू झालेल्या सायबर कॅफेत जाऊन तिनं पूर्वी ती शिष्यवृत्ती मिळालेल्या लोकांचे पत्ते शोधले आणि त्यांना ई-मेल पाठवले. काहींनी उत्तरं दिली. त्या सगळ्यांतून तिनं आपला एक हिशेब बांधला होता. नुसते मार्क चालत नाहीत. आपल्याला ओळखणारे शिक्षक लागतात, कारण शिफारस त्यांनाच करायची असते. आपण स्वतःचं काही शोधलेलं असावं लागतं. आणि ज्या कॉलेजातून आधी कोणी गेलंय, तिथं रस्ता माहीत असणारी माणसं भेटतात. म्हणून कॉलेज तिथपर्यंत नेणारं हवं, असं तिचं म्हणणं.

तिला शिकायचं होतं भाषाशास्त्र. हा शब्द आमच्या घरात तिनंच आणला. त्याचं मूळ मला ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही माझ्या बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. तिथं ती म्हणाली, "मावशी, मी चित्र काढून राहिली." मावसभावंडं हसून लोळली. दुसऱ्या कुठल्या मुलीनं ते बोलणं सोडून दिलं असतं. हिनं परत आल्यावर मला विचारलं, "आपण 'राहिली' काहून म्हणतो? हिंदीतून आलं की आपलंच आहे?" मला कुठं माहीत! वर्ध्याला माझ्या माहेरी सगळे असंच बोलत, आणि लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा इथली मराठी घरंही तसंच बोलत होती. तेव्हापासून तिचा कान सुरू झाला. भाजीवाली काय म्हणते, शेजारच्या आजी काय म्हणतात, समोरचा मुलगा मराठी समजूनही उत्तर हिंदीतच का देतो. जेवताना मध्येच थांबून ती आम्हालाच म्हणायची, "बाबा, आत्ता काय म्हणालात? परत म्हणा."

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुलीला सिकलसेल होता. आमच्या भागात आणि विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडांत असं दुखतं की मोठी माणसं ओरडतात. ती बालवाडीत होती तेव्हा एकदा हाताची बोटं सुजली आणि ताप उतरेना. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, मग आम्हा दोघांचं. आम्हा दोघांच्याही रक्तात तो निम्मा निम्मा होता. आम्हाला कधी काही झालं नव्हतं. तिला पूर्ण मिळाला.

तेव्हापासून आमचं घर त्या दुखण्याच्या भोवती चालायचं. पाणी भरपूर, थंडी टाळायची, दमायचं नाही. शाळेत ती खेळाच्या तासाला झाडाखाली बसायची. वर्षातून केव्हा तरी झटका येई, दवाखान्यात सलाईन लागे, आणि बरी झाली की ती राहिलेला अभ्यास काढून बसे.

म्हणून तिनं दिल्लीचं नाव घेतलं तेव्हा तिच्या बाबांनी ताट बाजूला सारलं.

"दिल्लीची थंडी माहीत आहे तुले?"

"माहीत आहे."

"रायपुरात काय कॉलेज नाहीत? आता तर राजधानी झाली. रोज नवं काही उघडून राहिलं."

"आहेत ना. पण ज्या कामासाठी जायचं आहे ते इथून होत नाही, बाबा."

डॉक्टरांना विचारलं. ते तिला लहानपणापासून पाहत होते. त्यांनी सरळ सांगितलं, की पुणं चालेल, हवा बरी आहे, नातेवाईक आहेत. दिल्लीला हिवाळा काढणं कठीण. मलाही पुणं पटत होतं. माझी बहीण म्हणाली, माझ्या घरी राहू दे, मी बघते.

मुलीनं मला शांतपणे सांगितलं, "आई, पुण्याला माझी मराठी दुरुस्त करतील. मला तिचा अभ्यास करायचा आहे." मग म्हणाली, "आणि मावशी मला बाहेर पडू देणार नाही. मी तिथं पेशंट म्हणून राहीन."

वर्षभर हेच चाललं. शेवटी बारावीची परीक्षा झाल्यावर मी म्हटलं, निदान पाहून तरी येऊ. मी तेव्हा नव्या सरकारच्या कार्यालयात स्टेनो होते. राज्य नवीन होतं, इमारती नव्हत्या, म्हणून आमचं कार्यालय एका जुन्या दवाखान्यात भरायचं. जिथं माझं टेबल होतं तिथं पूर्वी वॉर्ड होता आणि भिंतीच्या रंगातून खाटांचे नंबर अजून पुसट दिसायचे. साहेबांकडून रजा घेतली आणि आम्ही दोघी दिल्लीला गेलो.

ते कॉलेज मुलींचं होतं, जुनं, आत खूप झाडं. ऑफिसातल्या माणसानं प्रवेशाची माहिती दिली. मुलीनं विचारलं, "सर, यहाँ से बाहर की स्कॉलरशिप पर जो गईं, उन्हें किसने पढ़ाया?" त्या माणसानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. त्यानं एका बाईंचं नाव सांगितलं आणि खोली दाखवली.

बाई साठीच्या जवळ आलेल्या होत्या. टेबलावर पेपरांचे ढीग. त्यांनी आम्हाला बसवलं आणि विचारलं, इंग्लंडला जाऊन करायचं काय? मला वाटलं, आता ही काही मोठं बोलेल. तर ती म्हणाली, "मॅम, मेरी माँ कहती है 'मी करून राहिली'. पूना में इस पर हँसते हैं. मुझे जानना है कि ये किसने किससे लिया." आणि तिनं आमच्या गल्लीतली उदाहरणं सांगायला सुरुवात केली. भाजीवालीचं, आजींचं, माझं. बाई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या आणि ही उत्तरं देत होती, काही ठिकाणी "ये मुझे नहीं पता" म्हणत होती. त्यांचा चहा तसाच राहिला. मग त्या उठल्या, म्हणाल्या, "चलो, लाइब्रेरी दिखाती हूँ," आणि माझ्याकडे वळून, "आप बैठिए, देर लगेगी."

खरंच वेळ लागला. मी खिडकीतून पाहत बसले. दोघी झाडांखालून चालत होत्या आणि माझी मुलगी हातवारे करून बोलत होती. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. दवाखान्यात तिचा हात धरून बसणं मला माहीत होतं. हे मला माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर थांबलो होतो, तिथंच तिचे पाय दुखू लागले. वेटिंग रूममध्ये तिला बाकावर निजवलं, गोळी दिली, तळपाय चोळत बसले. ती ओठ दाबून पडून होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आता बाबांना कारण मिळालं."

"मी त्यांना सांगणार आहे," मी म्हटलं.

"सांग. खोटं नको बोलू."

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. बाई, लायब्ररी, आणि वेटिंग रूमसुद्धा. तिचे बाबा ऐकून घेत होते. मग त्यांनी तिलाच विचारलं, "तिथं काही झालं तर?"

ती म्हणाली, "बाबा, इथं पण होतेच ना."

 ते उठून गॅलरीत गेले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना तिच्यासाठी लोकरीच्या पायमोज्यांचे दोन जोड घेऊन आले. मे महिना होता, कुठून मिळवले देव जाणे.

दिल्लीचं पहिलं वर्ष बरं गेलं. वॉर्डन भली होती, तिनं खोलीत हीटर ठेवू दिला. सोबतीला कलकत्त्याची एक मुलगी होती, ती आमच्या मुलीच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायची. रविवारी फोन यायचा. बाई तिला आपल्यासोबत काम देऊ लागल्या होत्या. कॉलेजातल्या झाडूवाल्या, माळी, चहावाले कुठकुठून आलेत आणि गावची बोली दिल्लीत किती टिकवतात, हे ती त्यांच्याशी बोलून गोळा करत होती. फोनवर तिचा आवाज भरलेला असे. लोक मला विचारत, "एवढ्या दूर काहून पाठवली पोट्टीले?" मी म्हणायची, शिकायला. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या हिवाळ्यात फोन आला तो तिचा नव्हता. सोबतीण रडत होती. छातीत कफ झाला, त्यातच सिकलचा मोठा झटका. आम्ही पोचलो तेव्हा तिला ऑक्सिजन लावला होता. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, अंगात घरचे कपडे, पायात चपला. मुलगी त्यातून निघाली. पण उजव्या खुब्याच्या हाडाचं रक्त बंद पडून ते आतून खराब झालं होतं. यापुढे काठी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

आम्ही तिला रायपूरला आणलं. महिना दीड महिना ती या खोलीतून त्या खोलीत काठीनं चालायला शिकत होती. मला वाटलं, आता संपलं. इथल्याच कॉलेजात नाव घालू, होईल ते होईल. एका संध्याकाळी मी तसं बोलून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

बोलले ते तिचे बाबा. "मी जातो तिच्यासोबत."

"कुठं?"

"दिल्लीले. रजा घेतो. खोली पाहू कॉलेजच्या जवळ. वरच्या मजल्याची नाही, खालची."

 ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं चहा केला नव्हता, तो दिल्लीत घर मांडायला निघाला होता. "स्वयंपाक कोण करेल?" मी विचारलं.

"शिकव ना तू."

मी शिकवलं. वरण, भात, पोळी, आलू-वांगं. पोळ्या त्यांच्या कधी गोल झाल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत आणि मग पूर्ण तिसरं वर्ष दोघं तिथं राहिले आणि मी इथं एकटी. ऑफिसातून आले की फोनची वाट पाहायची. ते सांगत, आज तिनं काय खाल्लं, पाय कसा आहे, बाईंनी काय म्हटलं. ते तिला सकाळी रिक्षानं कॉलेजात सोडत, दुपारी गरम पाणी आणि डबा घेऊन जात आणि लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून राहत. तिथल्या मुली त्यांना "अंकल" म्हणू लागल्या होत्या. हळूहळू त्यांच्या बोलण्यात वेगळ्याच गोष्टी यायला लागल्या. एकदा म्हणाले, "तुले माहीत आहे, आपली बोली अन् छत्तीसगढी शेजारी शेजारी राहून एकमेकीचे शब्द घेऊन राहिल्या. पोट्टीनं समजावलं मले." त्या आवाजात जो आनंद होता तो मी त्यांच्यात लग्नानंतर क्वचितच ऐकला होता.

त्या वर्षी तिनं शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. बाईंनी शिफारस लिहिली. मुलाखतीला बोलावणं आलं, म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत ती पोचली होती. तिचे बाबा बाहेर थांबले. आत काय झालं ते तिनं मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. लांबलचक टेबलापलीकडे बरीच माणसं होती. भाषेवर चांगले प्रश्न विचारले. मग एकानं काठीकडे पाहून अगदी नम्रपणे विचारलं, तिथं तुम्ही आजारी पडलात तर?

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पडेनच. मग दवाखान्यात जाईन आणि बरी झाली की परत येऊन काम करेन. आतापर्यंत तेच केलं."

"मग ते?"

"एक बाई हसल्या. चांगलं हसल्या, आई."

तिला मिळाली नाही. यादी लागली त्या दिवशी तिच्या बाबांनी फोन केला आणि "नाही झालं" एवढंच म्हणाले.  मग तिनं फोन घेतला. आवाज बसलेला होता, रडून झालं असावं. "आई, काठीमुळं नाही झालं असं नको समजू. जे झाले ते खरंच हुशार आहेत, मी भेटली त्यांना." आणि मग, "एम.ए. करताना परत भरता येते. आता एम.ए. कुठं करायचं ते पाहावं लागेल."

परीक्षा झाली आणि दोघं घरी आले. मे महिना. रायपूरचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आम्ही खिडक्यांना खसचे, म्हणजे वाळ्याचे, पडदे लावले होते, कूलर चालू होता. ती पलंगावर बसून एम.ए.च्या प्रवेशाचं वाचायची, आणि कोणत्या विद्यापीठात कोण शिकवतं ते मला सांगायची. एवढी वर्षं आम्ही थंडीला भीत होतो. तिला आला तो साधा ताप, मग उलट्या. प्यायलेलं पाणी पोटात ठरेना. अंगातलं पाणी गेलं आणि झटका आला, तो आधीच्या सगळ्यांहून मोठा.

दवाखान्यात एक छत्तीसगढी सिस्टर होती. तिनं विचारलं, "कइसे लागत हे, नोनी?" नोनी म्हणजे पोरी. मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "बने लागत हे, दीदी." बरं वाटतंय. ते खरं नव्हतं. मग माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाली, "आई, ऐकलं? किती गोड विचारलं तिनं."

माझ्याशी ती समजेल असं बोलली ते हे शेवटचं. त्यानंतर तिची शुद्ध जात-येत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

भेटायला लोक आले. सांत्वन करताना माणसं काहीबाही बोलतात, त्यांना राग धरू नये हे मला कळतं. पण पुण्याहून आलेली माझी बहीण रडता रडता म्हणाली, "दिल्लीला पाठवली नसती तर..."  मुलीचे बाबा कोपऱ्यात बसले होते. तेरवीपर्यंत ते कुणाशी बोलले नव्हते.

ते म्हणाले, "दिल्लीत नाही गेली ते. घरी गेली, आपल्या हातात. तिथं तर पोट्टी जगून राहिली होती."

बहिणीनं त्यांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं.

पण त्यानंतर ते घरातच बसले. रजा संपली तरी ड्यूटीवर जाईनात. मालधक्क्यावरचे सोबती येऊन समजावून गेले. मी सकाळी ऑफिसला निघायची तेव्हा ते खुर्चीवर असायचे, परत यायची तेव्हाही तिथंच. मला वाटायचं, माझं दुःख मी टाइपरायटरवर बडवून काढते, यांचं कुठं जाणार? सव्वा वर्ष तिच्यासोबत राहून ते जितके तिचे झाले होते तितकी मीही झाले नव्हते. या गोष्टीचा मला हेवा वाटायचा आणि त्याच गोष्टीनं त्यांची कीवही यायची.

पावसाळा सरत आला असताना मुलीची दिल्लीची सोबतीण आली. कलकत्त्याहून मुंबईला नोकरीवर चालली होती, गाडी रायपूरवरूनच जाते, म्हणून एक दिवस उतरली. दार उघडलं तर ती समोर उभी. मी आत घेतलं, जेवू घातलं. मग ती बोलायला लागली. हॉस्टेलच्या अर्ध्या मुलींना आमची मुलगी मराठीत रुसायला शिकवायची, म्हणाली. "नोको बोलू मायाशी", म्हणजे माझ्याशी बोलू नको, हे तिथं पंजाबी, बंगाली, मणिपुरी मुली म्हणायच्या. वॉर्डनची नक्कल करायची. एका रात्री तिचे पाय दुखत होते तर सगळ्यांनी तिला खुर्चीत बसवून खुर्ची उचलून गच्चीवर नेलं, कारण तिला दिल्लीचे फटाके पाहायचे होते. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी विचारत राहिले, अजून सांग, अजून सांग. मुलीचे बाबा खुर्ची ओढून जवळ येऊन बसले आणि एकदा चक्क हसले.

संध्याकाळी आम्ही दोघं तिला सोडायला स्टेशनवर गेलो. फलाटावर तिनं मला विचारलं, "आंटी, उसे दिल्ली भेजते हुए आपको डर नहीं लगा?"

"रोज लगता था," मी म्हटलं.

माझ्या मुलीचे बाबा डब्यात चढून तिची जागा पाहून आले, पाण्याची बाटली भरून आणली, खिडकीतून सतरा सूचना दिल्या. गाडी हलली तेव्हा ती मुलगी दाराशी उभी राहून हात हलवत होती. गाडी दिसेनाशी झाल्यावरही ते फलाटाच्या टोकाशी उभे होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मुलगी गेल्यापासून ते रडले नव्हते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. जाणारे-येणारे आमच्या बाजूनं वाट काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ते दाढी करत होते.

"कुठं?" मी विचारलं.

"ड्यूटीवर. डबा दे."

मी डबा भरला. ते जिना उतरून गेले. मग मीही साडी बदलली आणि ऑफिसला निघाले.